तुला माझा देव हरायला हवाय का?

मी नास्तिक आहे. बरीच वर्षं धर्मसुधारणा म्हटलं की मी वैतागायचो. पडायला आलेल्या भिंतीला गिलावा कशाला, पडू द्या की, असं भर सभेत बोललोय. इतिहास आपल्याच बाजूने चाललाय, शिक्षण वाढेल, देव आपोआप मागे पडेल, हे मनात पक्कं होतं.

एका मैत्रिणीच्या पंथात बायकांनी उभं राहून प्रार्थना सांगायची नाही असा नियम आहे. तो बदलावा म्हणून ती सहा वर्षं अर्ज करतेय. मी म्हणालो, “सोड ना तो धर्मच.” ती म्हणाली, “तुला माझा देव हरायला हवाय, की माझ्या मुलीला बोलता यायला हवंय?” मला उत्तर सुचलं नाही.

१६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनला चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिलं. चौघेही श्रद्धाळू, आणि मुद्दाही धर्मातलाच: आपल्याशी जसं वागलेलं आवडेल तसंच दुसऱ्याशी वागा. क्वेकर या त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या मासिक सभेने ते त्रैमासिक सभेकडे पाठवलं, तिने वार्षिक सभेकडे, आणि तिथे ते बाजूला पडलं. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगायला बंदी केली ती थेट १७७६ मध्ये. अठ्ठ्याऐंशी वर्षं! त्या काळात माणसं पुन्हा पुन्हा उठून तेच बोलत राहिली. बेंजामिन ले तर इतका बोलला की १७३८ मध्ये त्याला पंथाबाहेर काढलं. काळाने आपण होऊन यातलं काहीच केलं नाही.

सुधारक म्हणजे उदार, असंही मी मानत नाही. १५५३ मध्ये वेगळं धर्ममत मांडणाऱ्या सर्व्हेटसला जिवंत जाळलं ते धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हाने, सुधारकांच्याच शहराने. आणि माणूस सतत पुढेच जाणार यावर कॉन्दोर्से या फ्रेंच विचारवंताइतका विश्वास क्वचितच कुणाचा असेल. त्याने त्या प्रगतीचा आराखडा लिहिला तो फ्रेंच क्रांतीच्याच सरकारपासून लपून बसून. १७९४ मध्ये तो कोठडीत मेला.

देव नाही, हे माझं मत तसूभरही हललेलं नाही. पण तो मागे पडेपर्यंत त्या मुलीने गप्प बसावं, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? तिचं लहानपण आत्ता चाललंय.

मैत्रिणीचा यंदाचा अर्ज मी तपासून दिला. दोन वाक्यं आवळली, एक तारीख दुरुस्त केली. देवाचं नाव तीनदा आलंय. ते तसंच ठेवलं.