ओटीवरचे इंटरनेट

कोकणातल्या आमच्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चांगल्या हातभर जाडीच्या आहेत आणि त्या बांधताना पणजोबांनी ऊन, पाऊस आणि चोर एवढ्यांचाच विचार केला होता. फायबरची जोडणी करायला आलेल्या मुलाने वायर जिथे संपली तिथे, म्हणजे ओटीवरच्या घड्याळाखाली, राउटर ठोकला आणि तिथेच उभे राहून वेग मोजून दाखवला. वेग खरोखरच डोळे दिपवणारा होता. अडचण एवढीच की आमच्या ओटीवर फक्त काका बसतात आणि ते वर्तमानपत्र वाचतात.

५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण पहिल्याच चिऱ्याशी माघार घेतात. २.४ गिगाहर्ट्झवाल्या थोड्या चिवट असल्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जेमतेम पोहोचतात. परंतु मायक्रोवेव्हचा कारभारही त्याच पट्ट्यात चालत असल्यामुळे कोणी दूध गरम करायला ठेवले, की आईचे कीर्तन ऐन आख्यानात अडकते. राउटर घराच्या मध्यावर, म्हणजे देवघरातल्या फळीवर, हलवावा असा शास्त्रशुद्ध प्रस्ताव मी मांडला, तेव्हा झालेल्या चर्चेत लहरींचा उल्लेख एकदाही आला नाही.

अखेर माजघरात दुसरा राउटर बसवायचे ठरले. पोटमाळ्यावरून केबल ओढली आणि टोकाला कनेक्टर बसवायला घेतला. आठ तारांचे पीळ उलगडून त्या पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशा क्रमाने चिमटीत सरळ धरायच्या, एका रेषेत कापायच्या आणि क्रम न मोडता आत सरकवायच्या. हिरव्या जोडीची फारकत करून मध्ये निळी जोडी बसवण्यामागे जुन्या टेलिफोनच्या जोडणीशी जमवून घेण्याचे कारण आहे. परंतु तोंडात विजेरी धरून कौलांखाली ओणवे बसलेल्या माणसाला ते पटण्यासारखे नाही.

दुसरा राउटर आला तोच कर्ता पुरुष असल्याच्या थाटात. त्याचाही नेटवर्कमधला पत्ता पहिल्यासारखाच १९२.१६८.१.१ आणि घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचा अधिकारही आपलाच, अशी त्याची समजूत. दोघांनी मिळून मुलाच्या फोनला आणि प्रिंटरला एकच पत्ता बहाल केला आणि प्रिंटरने मौन धरले. मग दुसऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून, वाटपाचा अधिकार काढून घेऊन आणि केबल लॅनच्याच, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या, भोकात खुपसून त्याला रीतसर घरजावई करावे लागले.

आता माजघरात सगळ्या दांड्या दिसतात. ते पाहून काकांनी पंपाच्या खोपीतही रेंज हवी, अशी मागणी केली आहे. अशा केबलची मर्यादा १०० मीटर आणि खोप त्याच्या बरीच पलीकडे. मध्ये एक नेटवर्क स्विच, म्हणजे केबलमधला सिग्नल पुढे धाडणारी पेटी, लावला तर पुढे जाता येते, पण त्याला वीज लागते आणि मध्यावर नेमका फणस आहे. काका फणसावर प्लग बसवायला तयार आहेत.