‘अंदाजपंचे’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर: बोटीचं इंजिन, टेम्परेचर गन आणि कान

मागच्या आठवड्यात नायट्रो बोटीचं (रेडिओवर चालणारी, मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर पळणारी छोटी मॉडेल बोट) इंजिन पाण्यात सोडल्यावर दोन-चार फेऱ्यांत का बसतं, म्हणजे जाम (सीझ) होतं, आणि सुई, म्हणजे इंधन किती जाणार ते ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू, कशी लावायची, यावर लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. एक अक्षर न बदलता देतो.

“लेख लांबलचक, उपयोग कमी. तापमान न मोजता नुसत्या कानाने आणि धुराने ट्यूनिंग करा म्हणणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. सोलापूरसारख्या ठिकाणी असला जुगाड चालत असेल. मी माझ्या बग्गीचं इंजिन गन लावून ११० अंशांवर ठेवतो, आजवर सीझ झालेलं नाही. एरंडेल तेलाचा आग्रह जुनाट आहे. आफ्टर-रन तेलाबद्दल एकच ओळ, तीही शेवटी. प्रोपेलरबद्दल अवाक्षर नाही. नवख्या मुलांनी हे वाचून इंजिनं घालवली तर जबाबदार कोण?”

नमस्कार. वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण ज्या सुरात लिहिलंत तो मला अजिबात आवडलेला नाही, आणि ते मनात ठेवण्यापेक्षा सांगून टाकतो. ‘अमुक वाक्य चुकीचं आहे, कारण हे’ असं लिहिता आलं असतं. ‘सोलापूरसारख्या ठिकाणी’ या शब्दांनी कुणाच्या ज्ञानात काय भर पडली? माझ्याशी वाद घाला, गावाला मध्ये कशाला ओढता?

आणि ओढलंच आहे तर ऐका. हे गाव गिरण्यांवर आणि मागांवर उभं राहिलं. माझे वडील गिरणीत जॉबर होते. सगळे माग एकदम चालू असताना त्यातला कुठला बिघडायच्या बेतात आहे, हे त्यांना लांबून आवाजावरून कळायचं. त्याला खात्यात कुणी जुगाड म्हणत नव्हतं. मी पुढे टू-स्ट्रोक गाड्यांच्या गॅरेजात काम शिकलो, मग स्वतःचं गॅरेज टाकलं. कार्बोरेटरचा स्क्रू पाव वळण फिरवायचा, रेस देऊन ऐकायचं, एक चक्कर मारून यायचं, प्लग काढून बघायचा, यातच माझी उमेदीची वर्षं गेली. बोटींकडे मी तिथून आलो. कान तयार व्हायला किती घाम गाळावा लागतो हे मला माहीत आहे, म्हणून ‘अंदाजपंचे’ हा शब्द लागला. तो मागे घ्या असं म्हणत नाही, पण लागला.

आता तुमचं तापमानाचं वाक्य. तुम्ही बग्गीचं, म्हणजे रेडिओवरच्या मॉडेल गाडीचं, उदाहरण दिलंत. बग्गीचं इंजिन हवेवर थंड होतं. हेडला पंख असतात, बहुतेक वेळा काळं अॅनोडाइझ केलेले, आणि ती गाडी तुमच्या पायाशी येऊन थांबते. तिथे गन लावून आलेला १००-१२० अंशांच्या दरम्यानचा आकडा तुम्हाला इंधन-हवेच्या मिश्रणाबद्दल बरंच काही सांगतो. तुमचे ११० अंश तिथे बरोबरच आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बोटीच्या इंजिनाच्या हेडभोवती पाण्याचं जॅकेट असतं. रडरमधल्या किंवा प्रोपेलरमागच्या पिकअपमधून तळ्याचं पाणी वेगाच्या जोरावर आत येतं, हेडभोवती फिरतं आणि बाजूच्या नळीतून बाहेर पडतं. गन लावता तेव्हा तुम्ही मोजता ते या पाण्याने धुतलेल्या धातूचं तापमान. त्यात मिश्रणाचा वाटा किती आणि पाण्याचा किती, हे गनच्या पडद्यावर लिहून येत नाही.

यातून काय होतं ते बघा. समजा पिकअपमध्ये शेवाळाचा एक तंतू अडकलाय आणि पाणी अर्धंच येतंय. मिश्रण अगदी व्यवस्थित आहे, पण हेड तापलंय. गन आकडा जास्त दाखवते, तुम्ही ‘लीन झालं’, म्हणजे इंधन कमी पडतंय, असं समजून सुई उघडता, इंजिन चार-चार ठोक्यांत घुटमळायला लागतं, प्लग ओला होतो, बोट तळ्याच्या मध्यात बंद. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा, नुकसान नाही. आता उलटा प्रकार. जानेवारीतली सकाळ, पाणी गारठलेलं, पिकअप स्वच्छ, मिश्रण मात्र लीन. गन आकडा कमी दाखवते. तुम्ही ‘इंजिन थंड आहे, अजून वाव आहे’ म्हणून सुई आणखी बंद करता. पुढच्या सरळ रेषेत डेटोनेशन (मिश्रण स्फोटासारखं जळणं) सुरू होतं, हेड बटणावर, म्हणजे ज्वलनकक्षाच्या छतावर, बारीक खड्डे पडतात, प्लगची तार तुटते आणि तिचा तुकडा पिस्टन आणि लायनरच्या मध्ये जातो. तो लायनर पुन्हा सरळ होत नाही. तुमच्या आकड्याने हे वाचवलं नसतं, उलट आकड्यानेच तुम्हाला तिथे नेलं असतं.

शिवाय बोट किनाऱ्याला येते तेव्हा थ्रॉटल कमी केलेला असतो. वेग उतरला की पाणीही कमी येतं. बोट उचलून स्टँडवर ठेवेपर्यंत हेडचं तापमान पळत्या बोटीत होतं ते राहिलेलं नसतं. आणि गनचं स्वतःचं एक दुखणं आहे. साध्या इन्फ्रारेड गनची उत्सर्जकता (पृष्ठभाग किरणांनी किती उष्णता बाहेर टाकतो त्याचं माप) ०.९५ ला बांधलेली असते. चकचकीत अॅल्युमिनियमची उत्सर्जकता ०.१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. म्हणजे बोटीच्या उघड्या चकाकत्या हेडवर गन धरलीत तर ती खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवणार. काळ्या पंखांवर हा फरक जाणवत नाही, म्हणून बग्गीवाल्यांना तो कधी भेटत नाही.

मग कळतं कशावरून? मी लेखात लिहिलं होतं, पुन्हा लिहितो, कारण ते तुम्ही वाचल्याचं दिसत नाही. तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत ‘बोट’ हा शब्द एकदाही आलेला नाही.

मोहोळच्या बाजूला एका डाळिंबवाल्या मित्राचं शेततळं आहे, तिथे मी बोट चालवतो. (सिद्धेश्वर तलावात चालवत नाही, ती जागा देवाची. हिप्परग्याला हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, तिथे हा आवाज नेणं मला पटत नाही.) साडेतीन सीसीचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर सरळ रेषेत सोडलं की आधी बोटीचं पोट पाण्यात घासत असतं, आवाज जड असतो. बोट वर उठते, प्रोपेलरवरचा भार हलका होतो आणि आवाज चढत जातो. मिश्रण ठीक असेल तर तो एका सुरावर जाऊन टिकतो आणि मागे धुराची पातळ पण सलग रेघ राहते. लीन असेल तर आवाज जरा जास्तच वर जातो, धार येते, आणि रेषेच्या शेवटच्या टप्प्यात थ्रॉटल तसाच असताना हळूच खाली बसतो. धूर दिसेनासा होतो. तो बसलेला अर्धा सूर ऐकू आला की मी लगेच बोट आत बोलावतो, सुई आठव्या हिश्श्याने उघडतो. त्यानंतर प्लग काढून उन्हात धरायचा. तार चमकदार आणि सरळ असेल तर ठीक. करडी, खरखरीत किंवा वाकडी झालेली असेल तर लीन चाललंय, मग कुठली गन काहीही म्हणो.

लो-एंडसाठी, म्हणजे कमी वेगाच्या सुईसाठी, त्याहून सोपी तपासणी आहे. इंजिन तापल्यावर आयडलला असताना टाकीकडून येणारी इंधनाची नळी चिमटीत दाबून धरायची. दोन-तीन सेकंदांत आवाज थोडा चढून इंजिन बंद पडलं तर सुई जागेवर आहे. दाबताक्षणी मेलं तर लीन. बराच वेळ रेस होत राहिलं तर रिच, म्हणजे इंधन जास्त. यात अंदाज कुठे आहे? कुणीही करून बघावं, दरवेळी तेच उत्तर येईल.

आणखी एक. ‘नविगा’ या मॉडेल बोटींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या एफएसआर-व्ही वर्गांत, म्हणजे ३.५, ७.५, १५ सीसी वगैरे, टिकाऊपणाच्या शर्यती होतात. अशा शर्यतींत बोट धक्क्यापासून लांब पळत असते. नायट्रो बोटी पळवणारे कित्येक जण रेडिओच्या तिसऱ्या चॅनेलवर सर्व्हो (छोटी मोटर) लावून चालू बोटीत सुई फिरवतात. हवा तापली, टाकी रिकामी होत आली, की आवाज ऐकायचा आणि काठावरूनच सुई थोडी उघडायची किंवा लावायची. त्यातलं कुणी मध्येच बोट थांबवून गन लावत नाही. हा जुगाड असेल तर तो जगभर चालतो, फक्त सोलापुरात नाही.

सोलापूरचा विषय निघालाच आहे तर इथली हवा इथल्या माणसाला जास्त ठाऊक असणार. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहोत. जानेवारीच्या सकाळी १५ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४२, एवढ्या फरकाने हवेची घनता आठ-नऊ टक्क्यांनी उतरते. म्हणजे हिवाळ्यात बसवलेली सुई मे महिन्यात रिच वाटणार, आणि मे महिन्यात बसवलेली डिसेंबरात घात करणार. इंधनाचंही तेच. मिथेनॉलच्या एका भागाला सुमारे साडेसहा भाग हवा लागते, नायट्रोमिथेनला पावणेदोनच. १६ टक्क्यांवरून ३० टक्के नायट्रोवर गेलात की सुई उघडावीच लागते. एकच आकडा वर्षभर धरून बसायचं तर हे सगळं कुठे बसवणार? उंटावरून शेळ्या हाकण्याआधी एक उन्हाळा इथल्या शेततळ्यावर काढा.

बाकी मुद्द्यांवर फार लिहिणार नाही.

आफ्टर-रन तेलाबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. ती ओळ लेखात वर यायला हवी होती, मी ती वर नेली आहे. मिथेनॉल ओलावा ओढतं, बोटीत पाण्याचा शिडकावा असतोच, आणि दिवस संपल्यावर बेअरिंगमध्ये तेल न सोडता इंजिन ठेवलं तर पुढच्या रविवारी ते खरखरतं. हे मान्य.

एरंडेल जुनाट असेल, पण पिकअप अडकून इंजिन अचानक तापतं तेव्हा सिंथेटिक तेल आधी जळून जातं आणि एरंडेलाचा थर टिकतो. पाइपमध्ये चिकटा धरतो, पिस्टनवर तपकिरी वार्निश चढतं, हेही लेखात लिहिलं होतं. मी इंधनात थोडं एरंडेल घालतो आणि घालणार. ज्यांना नको त्यांनी घालू नये.

प्रोपेलर हा लेखाचा विषय नव्हता.

आणि नवख्या मुलांच्या जबाबदारीचं. हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण यात मी निष्काळजी आहे असा आरोप आहे. लेखाच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरांत लिहिलं आहे की सुई उघडी ठेवून सुरुवात करा, धूर भरपूर येऊ द्या, मग हळूहळू बंद करत या. रिच चाललेलं इंजिन घुटमळतं, बंद पडतं, पण मरत नाही. बोट हातात असताना पूर्ण रेस देऊ नका, प्रोपेलर हवेत मोकळा फिरला की कनेक्टिंग रॉड जातो, हे लिहिलं आहे. बोट उलटली तर स्टार्टर लावण्याआधी प्लग काढून सिलेंडरमधलं पाणी बाहेर काढा, नाहीतर रॉड वाकतो, हेही लिहिलं आहे. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही, म्हणून पाण्याची बादली जवळ ठेवा, हेही. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी आधी महिनाभर नुसतं काठावर बसवून ऐकायला लावतो. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी इलेक्ट्रिक बोट घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला असं करून ‘जबाबदार कोण’ विचारण्याआधी हे सगळं वाचायला हवं होतं.

तुम्ही पुन्हा लिहाल अशी आशा आहे. लिहिलंत तर एवढं नक्की सांगा: तुमच्याकडे बोट आहे का, असल्यास इंजिन किती सीसीचं, पाणी रडरमधून घेता की प्रोपेलरमागून, प्लग कोणत्या हीटचा आणि इंधनात नायट्रो किती टक्के. प्लगचा जवळून काढलेला फोटो जोडलात तर उत्तम. त्यावर मी हवं तेवढं बोलायला तयार आहे. गावावरून लिहिलेल्या प्रतिक्रियेला मात्र यापुढे उत्तर देणार नाही.