ती सिरिंज कुणी पाठवायची?

लॉस एंजेलिसला आल्यापासून डॉन कॅटलिन यांचं नाव मी पुष्कळदा ऐकलं. १९८४ च्या ऑलिम्पिकची तयारी म्हणून या डॉक्टरने १९८२ मध्ये इथल्या यूसीएलए विद्यापीठात उत्तेजकं तपासणारी प्रयोगशाळा उभी केली, अमेरिकेतली पहिलीच. २०२४ च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्या कामातली एक गोष्ट भारतातले उत्तेजकांवरचे वाद ऐकताना हटकून आठवते.

जून २००३. एका प्रशिक्षकाने नाव न सांगता एक वापरलेली सिरिंज अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे पाठवली. तळाशी थोडासा द्रव उरला होता, तो कॅटलिन यांच्याकडे आला. नेहमीच्या चाचणीत नमुना तयार करतानाच त्या द्रवातलं स्टेरॉइड मोडून जायचं, म्हणून यंत्राला ते दिसतच नसे. कॅटलिन यांच्या चमूने दुसऱ्या वाटेने जाऊन रेणू ओळखला, टीएचजी. मग त्याची चाचणी बसवली, साठवून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासले, आणि स्वच्छ ठरलेले खेळाडू सापडत गेले.

पाठवणारा ट्रेव्हर ग्रॅहम काही संत नव्हता. तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलल्याबद्दल पुढे तोच दोषी ठरला. तरीही आतल्या कुणीतरी वस्तू हातात दिली म्हणून विज्ञानाला पुढे जाता आलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या स्टेडियममधल्या स्वच्छतागृहात सिरिंजा पडलेल्या दिसल्या. तपासणी पथक आल्याचं कळताच खेळाडू पसार झाले, शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच जण धावला. त्याच २०२३ चे आकडे सांगतात की भारतातल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले, म्हणजे ३.८ टक्के. ‘तपासण्या वाढल्या म्हणून सापडतात’ हे उत्तर मला पटत नाही. चीनने त्या वर्षी २८ हजारांवर नमुने तपासले आणि तिथलं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास होतं. दुसरीकडे ‘धरा आणि तुरुंगात टाका’ म्हणणारेही आहेत. एकोणीस वर्षांच्या पोराला तुरुंगात टाकून त्याला इंजेक्शन देणारा कसा सापडणार?

‘अमेरिकेत तरी काय वेगळं आहे?’ असं घरचे विचारतात. खरं आहे. इथली धावपटू मॅरियन जोन्स वर्षानुवर्षं चाचण्यांतून सुटत राहिली, २००७ मध्ये तिने स्वतःच कबुली दिली. आयुष्य चाचण्यांत घालवलेल्या कॅटलिन यांनाही नुसत्या चाचण्यांनी भागत नाही हे पटलं होतं. ज्यांना स्वच्छ राहायचंय त्यांनी आपणहून रक्त-लघवीची नियमित नोंद द्यावी, अशी त्यांची कल्पना होती. फरक इतकाच की इथे एका सिरिंजपायी महिने घालवायला विद्यापीठात माणसं आणि यंत्रं होती. दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यता मात्र ऑगस्ट २०१९ ला गेली ती डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली. मधल्या काळात नमुने परदेशी जात होते.

माझा पुतण्या चारशे मीटर धावतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. सरांनी एक पावडर दिलीय, डब्यावर काहीच लिहिलेलं नाही. ‘काका, घेऊ नको ना? टाकून देतो.’

मी म्हटलं, घेऊ नकोस, पण डबा टाकूही नकोस.