न खपलेली मासळी गोठवतात का?

‘युरोपात न खपलेली मासळी गोठवतात, तिकडचे जाणकार तिला हात लावत नाहीत आणि म्हणून हा धंदा तिथे सर्वत्र बसत चालला आहे’, असा मजकूर सध्या अनेक जण पुढे पाठवत आहेत. त्यातली तिन्ही विधाने चुकीची आहेत.

१९५४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ‘फेअरट्राय’ हे जहाज बांधले गेले आणि मासळी बाजारात पोहोचण्याआधीच, भर समुद्रात गोठवण्याची पद्धत रुळू लागली. अशा जहाजावर जाळे वर आल्यावर काही तासांत मासळी साफ करून, काटे काढलेले तुकडे चौकटीत बसवून, ते अतिथंड धातूच्या दोन पत्र्यांमध्ये दाबतात. त्यातून सुमारे साडेसात किलोची लादी निघते. जर्मनीतील ब्रेमरहाफेनमध्ये अशाच लाद्या न वितळवता करवतीने कापून फिश फिंगर्स (चुरा लावलेल्या माशाच्या कांड्या) करतात. येथे सारे महत्त्व वेगाला आहे. मासळी सावकाश गोठली की बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फाडतात, वितळताना पाणी सुटते आणि मांस चोथ्यासारखे लागते. घरच्या फ्रीजरमध्ये टाकलेल्या पापलेटाचे नेमके हेच होते, म्हणून त्यावरून या लादीची पारख करणे मला अन्यायाचे वाटते.

जाणकारांविषयी एवढेच सांगतो की, नेदरलँड्समध्ये मोठ्या आवडीने कच्चे खाल्ले जाणारे हेरिंग मासे परजीवी अळ्यांच्या भीतीमुळे १९६८ पासून सक्तीने गोठवले जातात; म्हणजे तिथले शौकीन गोठवलेलीच मासळी खातात.

राहिला धंद्याचा प्रश्न. आइसलँडमध्ये समुद्रात गोठवण्याचे प्रमाण घटले हे खरे, परंतु त्याचे कारण असे की विमानाने वेळेत पोहोचणाऱ्या ताज्या मासळीला अधिक भाव मिळू लागला. उलट डच जहाजे आजही हेरिंग आणि मॅकरेल अख्खे गोठवून पश्चिम आफ्रिकेला पाठवतात, तर स्पेनमधील व्हिगो बंदर गोठवलेल्या मासळीचे मोठे केंद्र आहे. आपल्या किनाऱ्यावरील माकूलही गोठवूनच स्पेन-इटलीला जाते. इतक्या निरनिराळ्या चाली एका ‘सर्वत्र’मध्ये कोंबता येत नाहीत.

तक्रारीला जागा आहे, पण ती वेगळी. पोलॉक नावाचा काही मासा समुद्रात जहाजावर गोठवला जातो, चीनमध्ये वितळवून कापला जातो आणि पुन्हा गोठवून युरोपात येतो. या दुहेरी गोठवणीत मांसाचा पोत बिघडतो, आणि फिश फिंगर्ससारख्या तयार पदार्थांवर मासा कुठे पकडला हे छापण्याची युरोपीय संघाची सक्तीही नाही.