तुरटी फिरवली म्हणून एक वस्तरा तिघांत चालत नाही

गेल्या रविवारी सकाळी ताईचा फोन आला. भाच्याच्या जबड्याखाली दोन इंचांची चीर पडली होती, रक्त थांबत नव्हतं, त्याने आईला व्हिडिओ कॉल केला आणि ती हबकून गेली. मी लगेच त्याला फोन लावला. तो पुण्यात हॉस्टेलवर असतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रक्त तोवर थांबलं होतं. पण पुढे त्याने जे सांगितलं ते ऐकून ती चीर मला किरकोळ वाटायला लागली. तिघा रूममेटनी वर्गणी काढून ऑनलाइन एक वस्तरा मागवला होता आणि पंधरा दिवस तिघेही त्याच वस्तऱ्याने दाढी करत होते.

"मामा, दर वेळी पात्याला तुरटी लावतो ना. मेसेजमध्ये तसंच लिहिलंय."

तो मेसेज त्याने मला पाठवला. मी तो आधीच पाहिलेला होता. आमच्या घरच्या ग्रुपवर दोनदा आणि ऑफिसच्या ग्रुपवर एकदा येऊन गेला होता. 'वस्तऱ्याकडे परत चला' असं वर लिहिलेलं, खाली सात मुद्दे आणि शेवटी 'किमान दहा जणांना पाठवा'. असे मेसेज मी न वाचता पुसतो. हाही पुसला होता, आणि तीच चूक झाली असं आता वाटतं.

एक आधीच सांगतो, मी वस्तऱ्याच्या विरोधात नाही. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मिरजेत चाळीस वर्षं सलून होतं. त्यांच्या धोकटीतला एक जुना वस्तरा माझ्याकडे आहे आणि गेली अकरा वर्षं माझी दाढी त्यानेच होते. मला राग आहे तो वस्तऱ्याबद्दल वाटेल ते लिहून पोरांच्या हातात तो देणाऱ्यांचा.

पाचव्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत घातक तोच आहे. मेसेज म्हणतो: "पात्यावर तुरटी फिरवली की सर्व जंतू मरतात, त्यामुळे एकच वस्तरा घरातल्या सर्व पुरुषांना पुरतो."

तुरटी कातडी आवळते. ओल्या गालावर खडा फिरवला की जरा चुरचुरतं, बारीक चिरेतलं रक्त साकळतं आणि थांबतं. जिवाणूंची वाढ थोडीफार रोखायचा गुणही तिच्यात आहे, हे मान्य. पण म्हणून पोलादाच्या पात्यावर राहिलेल्या रक्तातला विषाणू तुरटीच्या एका हाताने मरतो, असं समजायला काहीही आधार नाही. हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूबद्दल जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की तो शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो, आणि त्या काळात लस न घेतलेल्या माणसाच्या शरीरात शिरला तर लागण करू शकतो. ही पोरं दिवसाआड दाढी करत होती. म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यापर्यंत पोहोचायला सात दिवससुद्धा लागत नव्हते, एक सकाळ पुरत होती.

रक्त डोळ्याला दिसलं पाहिजे असंही नाही. वस्तऱ्याने दाढी करताना कातडीचा वरचा पापुद्रा ठिकठिकाणी सोलवटतो, शिकाऊ हाताने तर हमखास. घडीचा वस्तरा उघडून, पातं जिथे मुठीतल्या खिळ्यावर फिरतं तो सांधा उजेडात धरून बघा. साबणाचा वाळलेला फेस, केसांचे तुकडे आणि ओल तिथे अडकून बसते. तिथवर तुरटीचा खडा जातच नाही. आणि तो खडा तरी कुणाचा? मी भाच्याला विचारलं, तुरटी तिघांची वेगळी होती का? नव्हती. एकाच खड्याने तिघेही आपापल्या चिरा दाबत होते. म्हणजे जे जंतुनाशक समजून वापरलं, ते रक्त एका गालावरून दुसऱ्या गालावर न्यायचं आणखी एक साधन झालं.

"पण मामा, आमच्यापैकी कुणालाच काही आजार नाही." हे त्याला कसं कळलं? हिपॅटायटिस बीची नवी लागण झालेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. हिपॅटायटिस सीचंही तसंच, आणि त्यावर तर लसच नाही.

अण्णांना हे सगळं कुणी डॉक्टरांच्या भाषेत सांगितलं नव्हतं. नव्वदच्या दशकात एड्सबद्दल बोललं जायला लागलं, तेव्हा त्यांनी दुकानातले धारेचे वस्तरे एका दिवसात धोकटीत बांधून माळ्यावर टाकले आणि पातं बदलायचे वस्तरे आणले. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याच्या समोर नवं ब्लेड कागदाच्या पुडीतच मोडायचं, अर्धं वस्तऱ्यात घालायचं, दाढी झाली की काढून टाकायचं. खर्च वाढला, कुरकुर त्यांनीही केली, पण एका गिऱ्हाइकाचं पातं दुसऱ्याला कधी लावलं नाही. तीस वर्षांपूर्वी मिरजेतल्या एका सलूनवाल्याने जी गोष्ट सोडून दिली, ती आज इंजिनिअरिंगच्या पोरांना 'आपली परंपरा' म्हणून विकली जाते आहे.

आता पहिला मुद्दा: "आपले पूर्वज घरीच वस्तऱ्याने दाढी करत आणि त्यांना त्वचेचे विकार नव्हते." दोन्ही गोष्टी खोट्या. आपल्याकडे गावात दाढी करायला नाभिक यायचा. ओट्यावर बसून आळीची हजामत करायचा आणि सुगीला बलुत्याचं धान्य न्यायचा. वस्तरा चालवणं हे पिढ्यान् पिढ्या हाताखाली शिकलेल्या माणसाचं काम होतं. आणि त्वचेच्या विकारांचं म्हणाल, तर दाढीच्या जागी होणाऱ्या एका चिवट आजाराला इंग्रजीत 'बार्बर्स इच' असंच नाव पडलं, न्हाव्याची खाज. एकाचं हत्यार दुसऱ्याला लावल्याने तो पसरायचा.

दुसरा मुद्दा, तीन-चार पात्यांच्या रेझरने पुळ्या येतात. यात तथ्य आहे, नाइलाजाने का होईना मान्य करतो. पहिलं पातं केस ओढतं, मागचं कापतं, आणि कापलेलं टोक कातडीच्या खाली जाऊन आतच वळतं. ज्यांची दाढी कुरळी त्यांना याचा जास्त त्रास. पण त्यावर वस्तरा हाच उपाय, असं कुठे सिद्ध झालं? एका पात्याचा साधा सेफ्टी रेझरही तेच काम करतो. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला तर अगदी साधा आहे: आंघोळीनंतर दाढी करा, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने करा, पातं ५ ते ७ वेळा वापरून बदला. यातलं काहीही त्या मेसेजमध्ये नाही.

तिसरा, "वस्तरा फिरवला की दाढी दाट येते". एकोणीस वर्षांच्या पोरांना ओढून घेणारा मुद्दा हाच आहे. याची तपासणी १९२८ सालीच झाली. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी काही पुरुषांची नियमित दाढी करवून केस मोजले आणि केसाच्या जाडीत किंवा वाढीच्या वेगात काहीही फरक मिळाला नाही. केस वाढतो मुळातून, आणि मूळ कातडीखाली असतं. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापल्यावर ते बोथट होतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं. एकोणिसाव्या वर्षी दाढी दाट होतच असते, वस्तरा लावा नाहीतर नका लावू.

चौथा मुद्दा: "एकदा घ्या, जन्मभर वापरा, धार लावायची गरज नाही, पैसा वाचतो." हे ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात वस्तरा हातात धरलेला नाही. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरी तो धारेचे टवके काढतो. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात हे दाखवून दिलं. त्यांच्यातल्या एकाने स्वतःची दाढी करून पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती. केस तिरका वाकला आणि पोलादाच्या रचनेतल्या एखाद्या कच्च्या जागी धारेला भिडला की तिथे कपची उडते. तो प्रयोग वापरून फेकायच्या रेझरवर होता, पण घडीचा वस्तराही पोलादाचाच.

म्हणून तर पट्टा असतो. दर दाढीच्या आधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर तीस-चाळीस वेळा फिरवावा लागतो, तोही पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरच पालटून. धार पुढे गेली की पट्टा कापला आणि धारही गेली. आणि इतकं करूनही काही महिन्यांनी दगडावर न्यावा लागतो: धार पार गेली असेल तर हजार नंबरच्या दगडापासून, नाहीतर आठ हजार, बारा हजार अशा बारीक दगडांवर, पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवून. भाच्याने मागवलेला वस्तरा पेटीतून निघाला तेव्हा त्याला दाढीची धारच नव्हती. स्वस्तातल्या वस्तऱ्यांना बहुधा नसतेच. तो मी इथे आणून हातावरच्या केसांवर लावून पाहिला, एकही केस तुटला नाही. बोथट म्हणून पोरांनी दाबून ओढला, आणि दाबला म्हणून जबड्याखाली घुसला. वस्तरा, पट्टा, दोन-तीन दगड यांचा हिशोब मांडलात तर तेवढ्या पैशांत साधी ब्लेडं वर्षानुवर्षं पुरतील. मी वस्तरा वापरतो ते पैसे वाचवायला नव्हे.

सहावा मुद्दा परदेशी कंपन्यांनी कारस्थान करून वस्तरा बंद पाडल्याचा. यावर फार वेळ घालवत नाही. जिलेटचा रेझर पहिल्यांदा बाजारात आला त्या १९०३ सालात पूर्ण वर्षात ५१ रेझर खपले. लोकांनी तो पुढे उचलला, कारण रोज सकाळी पट्टा आणि दर काही महिन्यांनी दगड त्यांना नको होता.

सातवा मुद्दा सांगतो, "३० अंशांचा कोन धरा, पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत गुळगुळीत दाढी". कोनाचा आकडा साधारण बरोबर आहे, बाकी काही बरोबर नाही. कोनमापक लावून कुणी दाढी करत नाही. अण्णांनी मला सांगितलं होतं ते असं: पातं गालावर सपाट टेकव, मग पाठ गालापासून पाठीच्याच दोन जाडींइतकी उचल. एवढंच. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, कारण सैल कातडीची वळी उठते आणि वळीलाच पातं लागतं. पातं आडवं सरकवायचं नाही, सुरीने भाजी चिरतो तसं तर अजिबात नाही. आणि जोर लावायचा नाही. "दाब दिलास की कापलास," हे वाक्य मी त्यांच्याकडून पहिल्या महिन्यात रोज ऐकलं.

तो पहिला महिना मी फक्त दोन गाल केले. उरलेली दाढी साध्या रेझरने. मान पुढच्या महिन्यात, कारण तिथे केस दोन दिशांना वाढतात आणि ते आधी बोटांनी चाचपून बघावं लागतं. हनुवटी आणि मिशीची जागा सर्वांत शेवटी. उलटी, म्हणजे केसांच्या वाढीच्या विरुद्ध दिशेने, दाढी तर मी सहा महिने केलीच नाही. आंघोळ झाल्यावर, ब्रशने दोन मिनिटं फेस घोळवून केस चांगले भिजल्यावर, घाई नसेल त्या दिवशीच. सकाळी लेक्चरला पळायचं असेल तर त्या दिवशी वस्तरा पेटीतच राहू द्यावा. दाढी झाली की पातं आणि तो सांधा दोन्ही पुसून कोरडे करायचे, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावायचा आणि बाथरूममध्ये ठेवायचा नाही. तुरटीचा खडा पात्याला मुळीच लावायचा नाही, ओल्या तुरटीने साधं पोलाद गंजतं.

ज्याला धार लावायची हौस नाही आणि तरी वस्तराच हवा आहे, त्याने सलूनमध्ये असतो तसा अर्ध्या ब्लेडचा घ्यावा. तो हाताला जास्त कडक लागतो, चूक लवकर दाखवतो, पण पातं दर वेळी नवं असतं. तरीही तो ज्याचा त्याचाच.

भाच्याचा जन्म २००६ चा. हिपॅटायटिस बीची लस सरकारी लसीकरणात देशभर पोचली ती २०११ च्या सुमाराला, त्याआधी ती सरकारीत काही भागांतच मिळायची, नाहीतर खासगी डॉक्टरकडे घ्यावी लागायची. ताईने जुनं कार्ड शोधून काढलं, त्याचे तिन्ही डोस झालेले आहेत. बाकी दोघांच्या घरी कार्डं सापडत नाहीत. बुधवारी मी पुण्याला गेलो, वस्तरा ताब्यात घेतला, तुरटी फेकून दिली आणि तिघांनाही बी आणि सी दोन्हीच्या तपासणीला नेलं. तिघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह आले. पण हिपॅटायटिस बीची लागण दिसायला एक ते सहा महिने लागू शकतात, त्यामुळे डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं आहे. ज्या दोघांच्या लशीचा पत्ता नाही त्यांचा पहिला डोस त्याच दिवशी दिला, दुसरा पुढच्या महिन्यात आहे. तारीख मी माझ्या फोनमध्ये घालून ठेवली आहे, कारण ही पोरं विसरतील.