‘दळण’ म्हणालात, ते बरोबरच आहे

फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकारावरच्या माझ्या लेखावर धुळ्याच्या एका वाचकांनी चांगलंच खडसावलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा माणूस रविशंकरांकडून ताल उचलून घेऊन गेला, त्याच चार सुरांचं दळण जन्मभर दळत बसला, आणि तुम्ही त्याला पूर्व-पश्चिमेचा ‘संगम’ म्हणून डोक्यावर घेता. जळगावात बसून न्यूयॉर्कची कौतुकं कशाला? अहिराणी गाण्यांवर लिहा की.

नाना (वयाने वडील आहात, म्हणून हक्काने म्हणतो), आधी माझी चूक. मी ग्लासला ‘रविशंकरांचा शिष्य’ लिहिलं होतं. गंडाबिंडा काही बांधला नव्हता. १९६५च्या सुमारास तो पॅरिसला नादिया बूलांजे या संगीतशिक्षिकेकडे शिकत होता. हार्मनी, काउंटरपॉइंट, सगळं घोटून घोटून. तिथे रविशंकर एका चित्रपटाला संगीत देत होते. फ्रेंच वादकांसाठी ते पाश्चात्त्य पद्धतीने लिहून द्यायला कुणीतरी हवं होतं. ते काम याला मिळालं, एवढंच.

लिहिताना गाडी अडली. हा सवयीप्रमाणे मध्ये मध्ये मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघा मारायचा, आणि रेघ आली की पुढच्या सुरावर नको तिथे जोर पडायचा. रविशंकरांचे तबलजी अल्लारखाँ पुन्हा पुन्हा सांगत, सगळे सूर सारखेच आहेत. शेवटी याने वैतागून रेघाच पुसून टाकल्या. समोर राहिली ती दोना-तिनाच्या गटांची लांबच लांब माळ.

तुम्ही म्हणता, ताल नेला. अहो, ताल नेला असता तर समही, म्हणजे तालाची पहिली मात्राही, गेली असती ना बरोबर! तीनताल सोळा मात्रा फिरून समेवर येतो, तिथे आपली मान आपोआप हलते. ग्लासला ते वर्तुळ दिसलंच नाही, दिसली ती माळ. १९६८ची त्याची ‘टू पेजेस’ ही रचना ऐका. पाच सुरांचा तुकडा. त्यातून सूर गळतात, पुन्हा जोडले जातात, तुकडा आखडतो, लांबतो. सम येतच नाही. अर्धवट समजलं त्याला, असं म्हणा, मी भांडणार नाही. पण त्या अर्धवट समजण्यातूनच त्याचं स्वतःचं काहीतरी निघालं. नीट समजलं असतं तर कदाचित एक बरा नकलाकार झाला असता.

आणि डोक्यावर कुणी लगेच घेतलं नाही हो. १९७६ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्याचं ‘आइनस्टाइन ऑन द बीच’ हे ऑपेरा झालं, आणि त्यानंतरही गडी टॅक्सीच चालवत होता.

आता दळण. शब्द चपखल आहे. आमची आजी पहाटे जात्यावर बसायची. फेरा तोच, चाल तीच, ओवीत बदलायचं ते भावाचं नाव नाहीतर गावाचं. भुलाबाईच्या गाण्यांत तर मागच्या ओळीचं शेपूट धरून पुढची ओळ येते, साखळी लांबत जाते, पोरींना दम लागतो तरी संपत नाही. त्याचा कंटाळा येत नाही, कारण आपण नुसते ऐकत नसतो. हात जात्यावर असतो नाहीतर टिपरीवर. ग्लास हेच खुर्चीत बसवून ऐकवतो. तिथे तुमची तक्रार खरी आहे. तासाभराने माझंही अंग अवघडतं.

तरी ‘सत्याग्रह’ला मी हलत नाही. १९८०ला रॉटरडॅममध्ये झालेलं हे ऑपेरा, गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या दिवसांवरचं, आणि शब्द गीतेतले, संस्कृतात. शेवटी गांधी एकटे उभे, आणि एकच आरोह पुन्हा पुन्हा. रे, ग, ध, नी, चारही कोमल. म्हणजे आपल्या भैरवीचे सूर! (त्याने ते आपल्याकडून घेतले असं मात्र म्हणत नाही, युरोपात ही स्वरावली पूर्वापार आहे.) १९३६ला काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं, गांधी तिथे आले. त्या माणसाचं गाणं जळगावात बसून ऐकायचं नाही तर कुठे?

अहिराणीचं म्हणाल तर आपल्या खानदेशच्या कानबाई देवीची गाणी मावशीकडून फोनवर रेकॉर्ड करून घेतली आहेत, आठ-दहा तरी असतील. पण ती सगळी आमच्या चोपडा बाजूची. रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, वेळची तुमच्याकडची चाल वेगळी असली, तर घरातल्या कुणाकडून तरी म्हणवून घ्या आणि पाठवा. दोन्ही शेजारी ठेवून लिहितो.