वास गेला म्हणून वायू गेला असे समजू नका: तुंबलेल्या गटाराविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

'घराबाहेरचे तुंबलेले गटार प्लंबरशिवाय मोकळे करा' अशा मथळ्याचा एक संदेश सध्या फोनवरून फिरतो आहे. माझ्या थोरल्या काकांनी तो कुटुंबाच्या गटावर टाकला आणि खाली 'रविवारी करून पाहतो' असे लिहिले, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहिणे भाग आहे. संदेशाचे सांगणे थोडक्यात असे: आधी खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि उकळते पाणी ओतावे, त्याने भागले नाही तर ॲसिड ओतून त्यावर ब्लीच टाकावे, मग चेंबरचे झाकण काढून दहा मिनिटे थांबावे, वास गेला की वायू गेला असे समजून आत उतरावे आणि हाताने बोळा काढावा, शेवटी गटारावरची जाळी कायमची काढून टाकावी.

सोडा आणि व्हिनेगर यांच्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. एक आम्लारी, दुसरे आम्ल. एकत्र येताच दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे व सोडियम ॲसिटेटचे पातळ द्रावण उरते. नळाचे तोंड उघडे असल्यामुळे बुडबुडे वर निघून जातात, बोळ्यावर दाब येत नाही. फेस दिसतो, म्हणून काम होते आहे असे वाटते, एवढेच. बाहेरच्या 100 मिलिमीटरच्या नळात सहसा अडकलेले असते ते घट्ट झालेले तेलतूप, ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, माती किंवा सांध्यातून आत शिरलेली झाडांची मुळे, आणि यांपैकी काहीही या मिश्रणात विरघळत नाही. गरम पाण्याने ताजी चरबी सुटते, हे अर्धसत्य मान्य करायला हवे. परंतु तीच चरबी पुढे जाऊन थंड झाली की पुन्हा थिजते, आणि पीव्हीसीचा नळ सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागत असल्यामुळे त्यात वारंवार उकळते पाणी ओतणे शहाणपणाचे नाही.

ॲसिडवर ब्लीच टाकण्याचा सल्ला मात्र निव्वळ धोकादायक आहे. या दोहोंच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो, आणि तो ओतणाऱ्याच्या तोंडासमोरच निघतो. गटार वाहते असते तर ॲसिड वाहून गेले असते. ते तुंबलेले आहे म्हणूनच ॲसिड तिथे साचून राहते, चेंबरच्या सिमेंटला खाते आणि नंतर जो कोणी सळई घालायला येईल त्याच्या अंगावर उडते. शिवाय साचलेल्या काळ्या गाळात सल्फाइडे असतात, आणि त्यांच्यावर ॲसिड पडले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मोकळा होतो. म्हणजे संदेशातील दुसरी सूचना जो वायू वाढवते, त्याच वायूच्या चेंबरमध्ये तिसरी सूचना माणसाला उतरायला सांगते.

या तिसऱ्या सूचनेसाठीच मी हे लिहीत आहे. साचलेल्या मैल्यातला प्राणवायू संपला की काही जिवाणू पाण्यातील सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा थोडा जड असल्यामुळे खोल चेंबरच्या तळाशी रेंगाळतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसताना नाकाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु प्रमाण 100 भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांतच वास ओळखण्याची शक्ती बधिर होते. वायू असतोच, कळत नाही. तेव्हा दहा मिनिटे झाकणाजवळ उभे राहून 'वास गेला' असे जाणवणे हे सुरक्षिततेचे लक्षण तर नाहीच, उलट विषबाधेची सुरुवातही असू शकते. प्रमाण 700 ते 1000 भागांपर्यंत पोहोचले तर एकदोन श्वासांतच माणूस कोसळतो. आणि समजा वरची हवा खरोखर बदलली, तरी बराचसा वायू पाण्यात आणि गाळात विरघळलेला असतो. बोळा हलवला, गाळ ढवळला की तो एकदम बाहेर येतो, आणि नेमक्या त्या क्षणी माणूस आत वाकलेला असतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क वायू अडवत नाही.

अमेरिकेच्या 'नायॉश' या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने बंदिस्त जागांतील मृत्यूंविषयी 1986 साली जो इशारा प्रसिद्ध केला, तो प्रत्येक घरात वाचला जावा असे मला मनापासून वाटते. अशा जागांत मेलेल्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक आधीच्या माणसाला वाचवायला गेलेले होते, असे त्यात म्हटले आहे. खाली पडलेला भाऊ किंवा मुलगा दिसल्यावर वर कोण थांबेल? म्हणून पहिल्यानेच उतरायचे नाही. चेंबर कमरेइतके असले तरी त्यात डोके घालून वाकू नये.

जाळीबद्दल एवढेच, की ती काढल्याने पाणी आज लवकर जाते आणि जो कचरा वर अडून हाताने उचलता आला असता, तो ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या नळाच्या वाकणात, जाऊन बसतो.

प्रत्येक वेळी प्लंबर लागत नाही, हे संदेशातले म्हणणे मात्र नाइलाजाने का होईना, मान्य आहे. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून, उभे राहून, वारा पाठीमागून येईल अशा बेताने आधी चेंबरची झाकणे क्रमाने उघडून पाहावीत. एक भरलेले आणि त्याच्या पुढचे कोरडे असेल तर अडथळा त्या दोहोंच्या मधल्या नळात आहे. तिथे लवचीक ड्रेन रॉड जोडत जोडत वरूनच घालावेत आणि ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवावेत, कारण उलटे फिरवले तर रॉडचे सांधे सुटून तुकडे आतच राहतात. बोळा फुटल्यावर भरपूर पाणी सोडून नळ धुवावा आणि खालच्या चेंबरमध्ये आलेला कचरा लांब दांड्याने काढून घ्यावा, नाहीतर तोच पुढे जाऊन अडकतो. रॉड एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा अडत असेल तर मुळे शिरली आहेत किंवा नळ खचला आहे असे समजून कॅमेऱ्याने तपासणी करून घ्यावी. घरची सगळी चेंबरे भरलेली असतील तर अडथळा बहुधा शेवटच्या चेंबरच्या पुढे असतो. तो नळ सार्वजनिक असेल तर काम संबंधित यंत्रणेचे आहे.

बाहेरून माणूस बोलावलात तर तुम्ही गटारात काय काय ओतले आहे, ते त्याने झाकणाला हात लावण्यापूर्वी त्याला सांगा, आणि तो स्वतःहून उतरायला तयार असला तरी त्याला उतरू देऊ नका. रॉड किंवा पाण्याच्या जोरदार झोताने नळ साफ करणारे जेटिंग यंत्र वरूनच चालवायला सांगा.